ताईच्या देशाची बुटकी पट्टी

वृत्तवाहिनीच्या कार्यालयात त्यांना सगळे पट्टीमास्तर म्हणत. बातम्या चालू असताना पडद्यावर रंगीत पट्ट्या खालून वर चढतात ना, त्या ते काढायचे. निवडणूक असो की पाऊस, मास्तरांची पट्टी बिनचूक. लग्न केलं नव्हतं. "राहून गेलं," एवढंच सांगायचे. जवळचं माणूस म्हणजे थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. पुढं लग्न होऊन ती परदेशी गेली, आणि नवरा वारल्यावरही तिथंच राहिली, एकटी.

साथ आली तसं कार्यालय ओस पडलं. उरले मास्तर, काचेपलीकडे बातम्या देणारी निवेदिका आणि खाली दाराशी ताप मोजणारा रखवालदार. रोज मास्तरांनी वेगवेगळ्या देशांच्या पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या: लाखामागे कुठं किती माणसं दगावली. कुणाची पट्टी पार पडद्याच्या वरच्या कडेला टेकलेली, कुणाची निम्म्यावर. ताईच्या देशाची सगळ्यांत बुटकी.

ताई तिकडे फोनवर हीच वाहिनी लावून बसायची. बातम्या संपल्या रे संपल्या की तिचा फोन.

"काय रे ठोंब्या, आमची पट्टी आज दिसलीच नाही. पुसलीस की काय?"

"आहे की. चष्मा लावून बघ."

"आणि तुमची? पडदा फोडून बाहेर येईल आता. तोंड झाकून फिरतोस ना?"

"फिरतो कुठं? घर ते काम, काम ते घर."

मास्तर वैतागल्यासारखं दाखवायचे, पण मनातून सुखावायचे. रखवालदाराला मुद्दाम सांगायचे, "त्या देशात आमची ताई असते हां." जणू तिनंच ती पट्टी दाबून धरली होती.

एकदा त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे जमलं कसं गं? आमची निवेदिका म्हणते, सरहद्दी वेळेवर बंद केल्या, तपासण्या केल्या, लोकांनीही ऐकलं."

"ते खरंच आहे," ताई म्हणाली. "पण अरे, इथं माणसं आधीपासूनच लांब लांब राहतात. माझ्या दाराची घंटा शेवटची कधी वाजली, मला आठवत नाही. तुमच्याकडे जिन्यात माणसं भेटतात, खोकतात, भांडतात. पट्टी वाढणारच."

 मास्तरांनी तिला तिकडच्या थंडीबद्दल विचारलं.

मग एके दिवशी बातम्या संपल्या आणि फोन आलाच नाही. डोळा लागला असेल, असं ते धरून चालले. दुसऱ्या दिवशी स्वतःच लावला. घंटा वाजत राहिली. शेवटी त्यांनी ताईच्या घरमालकाला गाठलं. त्यानं पोलिसांना बोलावून दार उघडवलं. ताई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या बसल्याच गेली होती. साथ नव्हती, हृदय बंद पडलं होतं.

सरहद्दी बंद, जाणार कसे? तिकडच्या लोकांनी मास्तरांना फोनवरच अंत्यविधी दाखवला. मध्येच चित्र गोठलं. पुन्हा हललं तेव्हा खोली रिकामी होती.

त्या संध्याकाळी ते कामावर गेले. घरी भिंतीकडे बघत बसवेना. पट्ट्या चढल्या. ताईच्या देशाची पट्टी केसभरही हलली नव्हती. ताई तिच्यात धरली जाणारच नव्हती. "या देशानं जगाला धडा घालून दिला," निवेदिका म्हणत होती, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

बातम्या संपल्यावर तिनं कानातलं यंत्र काढलं. "मास्तर, आज पट्ट्या उशिरा आल्या. बरं नाही का?"

"बहीण गेली."

ती उठून काचेपाशी आली. दाराच्या मुठीवर तिनं हात ठेवला आणि मागे घेतला. एकमेकांच्या खोलीत जायला बंदी होती. "साथीत?"

"नाही. अशीच."

मास्तरांची आवराआवर होईपर्यंत ती पलीकडे नुसती बसून राहिली. तेवढाही आधार त्यांना पुष्कळ वाटला.

सरहद्दी उघडल्या तसे मास्तर ताईचं घर रिकामं करायला गेले. भांडी, कपडे, पांघरुणं बांधत असताना शेजारीण दारात येऊन उभी राहिली. वयानं ताईएवढीच. मास्तरांना तिची भाषा जेमतेम कळत होती.

"रोज भिंतीतून हसण्याचा आवाज यायचा," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणीतरी सोबतीला राहायला आलंय. म्हणून मी कधी दार वाजवलं नाही."

"तो मी होतो," मास्तर म्हणाले. "फोनवर."

तिनं आपल्या दाराकडे बोट दाखवून विचारलं, "चहा घ्याल?"

मास्तर हातातलं काम टाकून तिच्या घरी गेले. दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसली. मोडक्यातोडक्या शब्दांत, हातवारे करत, भिंतीपलीकडे कोण राहत होतं ते मास्तर तिला अंधार पडेपर्यंत सांगत राहिले.