डुफीची गुबगुबीत अक्षरं

कुमासी शहरातल्या असाफो बाजारात डुफीने बावीस वर्षं पाट्या रंगवल्या. न्हाव्याच्या, शिंपिणीच्या, ट्रोट्रो या वडाप गाड्यांच्या पाठीवरच्या. तिची अक्षरं गुबगुबीत, पोट सुटलेली, एकमेकांना खेटून बसलेली. नवी पाटी लागली की लोक लांबूनच म्हणत, "ही डुफीची."

मग समोर यॉ बोआमाने फ्लेक्स छापायचं दुकान टाकलं आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. फुफूची, म्हणजे कांडलेल्या कंदांच्या मऊ गोळ्यांची, खानावळ चालवणाऱ्या पोकुआ मावशीनेही तिथूनच बोर्ड करून घेतला. त्यावर 'एये दे' म्हणजे 'चवदार आहे' असं यायला हवं होतं. पण यॉच्या कॉम्प्युटरमधल्या झोकदार अक्षरांत तिथल्या त्वी भाषेचा तो उलट्या इंग्रजी तीनसारखा स्वर नव्हताच. त्याच्या जागी रिकामे चौकोन छापून आले. गिऱ्हाइकं विचारू लागली, "मावशी, या डब्यांत काय शिजवलंयस?"

मावशीने यॉला असं फैलावर घेतलं, की तो तडक डुफीकडे आला.

"ताई, तुझी अक्षरं कॉम्प्युटरमध्ये घालू दे."

"आणि मी काय माशा मारू?"

"तू दुकानात माझ्या बरोबरीने बस. अक्षरांना नावही तुझंच."

डुफीने ब्रश पुसला. "आधी आपले स्वर काढणार. ए-बी-सी मागनं. आणि प्रत्येक अक्षर दोन तऱ्हांनी. तीच दोन शेजारी आली तरी जुळ्या बहिणी दिसता कामा नयेत."

तीन आठवडे ती प्लायवूडवर अक्षरं काढत होती. 'क्यू'पाशी मात्र दोन दिवस अडली. त्वीत तो लागतच नाही, त्यामुळे तिने तो कधी काढलाच नव्हता. शेवटी भिंतीवरच्या सरड्याची शेपटी तिने त्याला लावली.

'डुफी' अक्षरं बघता बघता सगळीकडे गेली. शाळेतल्या तक्त्यांवर, बिस्किटांच्या पुड्यांवर, चर्चच्या कापडी फलकांवर. एकदा तर चौकात एका म्हाताऱ्याच्या अंत्यविधीच्या फलकावर तिला 'दा यिए', म्हणजे 'नीट झोप', हे शब्द आपल्याच अक्षरांत दिसले. ती तडक मयताच्या घरी गेली.

"माझी अक्षरं हसरी आहेत," ती त्याच्या मुलीला म्हणाली. "ती मेलेल्या माणसाच्या उशाशी कशाला?"

मुलगी म्हणाली, "आमचे बाबा लॉटरीची तिकिटं विकायचे, मावशी. माणसं हसवून हसवून विकायचे. सरळ अक्षरांत ते आम्हाला ओळखूच येईनात."

डुफीने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. गालाला खळी पडलेला म्हातारा.

"बरं," ती म्हणाली. "पण तो 'यिए' फार सुटा सुटा पडलाय. फलक उतरव, दुसरा छापून देते. अक्षरं जरा जवळ घ्यायला हवीत."