अरंडेलच्या गडावरची ओटी

लीलावतीबाईंच्या पिशवीत नारळ आहे, हे त्यांच्या मैत्रिणीला, सीमाला, लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून गाडी सुटल्यावर कळलं. सँडविच काढायला तिने हात घातला आणि हाताला शेंडी लागली. नारळाखाली हिरवा खण, खणाखाली तांदळाची पुरचुंडी, हळकुंड, सुपारी, गुळाचा खडा.

सीमाने सगळं जागच्या जागी ठेवलं आणि विचारलं, "लीलावहिनी, आपण कॅसल बघायला चाललोय की कुणाच्या डोहाळजेवणाला?"

लीलावतीबाईंनी शांतपणे सांगितलं, की गड म्हटला की देवी आलीच. तिची ओटी भरायची आहे, आणि आज शुक्रवारही आहे.

गोष्ट अशी होती. आदल्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशनला नेत असताना त्यांनी देवीला सांगितलं होतं, मला या पायांवर उभी कर, मी गड चढून तुझी ओटी भरेन. मनात प्रतापगड होता. पण मुलाची, सुयशची, नोकरी बदलली आणि डिसेंबरची भारताची तिकिटं रद्द झाली. पुढच्या वर्षी जाऊ आई, असं तो म्हणाला. तिकिटं पुढे ढकलता येतात, नवस कसा ढकलणार? तेव्हापासून सकाळी पूजेला बसलं की त्यांची नजर देवीच्या पायांशीच अडकायची, वर म्हणून जायची नाही. मे महिन्यात सीमाने अरंडेलचा किल्ला बघायचा बेत काढला तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, गड तो गड.

घरी मात्र त्या काही बोलल्या नाहीत. सून वैभवीने निघताना बजावलं होतं, की आई, तुम्ही खाली बेंचवर बसा, बाकीच्यांना वर जाऊ द्या, आणि दुपारी फोन करते तो घ्या. वैभवी मनाने चांगली होती. पण प्रत्येक सहलीत हेच व्हायचं. बाकीच्या वर, लीलावतीबाई खाली, सगळ्यांचे कोट राखत.

तिसरी होती मिचिको. हॉस्पिटलच्या फिजिओच्या वर्गात भिंतीला धरून पाय उचलताना दोघींची गट्टी जमली होती. हिचा उजवा गुडघा, तिचा डावा. इंग्रजी दोघींचंही कामापुरतं, त्यामुळे गैरसमजाला फारशी जागा नव्हती. मिचिकोचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला होता आणि ती कोलिंडेलला एकटी राहायची. तिचं माहेर जपानातलं हिमेजी, पांढऱ्याशुभ्र किल्ल्याच्या पायथ्याचं गाव.

आपल्या बाजूने कुणीतरी हसावं म्हणून सीमाने नारळाची हकिगत मिचिकोला सांगितली. मिचिको हसली नाही. तिने मान डोलावली. हिमेजीच्या किल्ल्यात अगदी वरच्या मजल्यावर देवीचं ठाणं आहे, लहानपणी आजीबरोबर जाऊन आपण तिथे हात जोडलेत, असं ती म्हणाली.

"झालं," सीमा म्हणाली. "एक होती, आता दोन झाल्या."

स्टेशनापासून नदी ओलांडून, चढाच्या रस्त्याने त्या किल्ल्यापाशी आल्या. दरवाजात लीलावतीबाईंनी सवयीने मारुती शोधला. तिथे माहितीपत्रकं ठेवलेली होती. आतल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाला त्यांनी विचारलं, इथली देवी कुठे बसते. त्याने आदराने चॅपलचा रस्ता दाखवला. लीलावतीबाई गेल्या, हात जोडून उभ्या राहिल्या आणि परत आल्या. दुसऱ्यांच्या देवघरात आपला रिवाज मांडायचा नाही, एवढं त्यांना कळत होतं.

म्हणजे देवी नव्हतीच. सीमाची चेष्टा आता गळून पडली. चहा घेऊ या का वहिनी, असं ती हळूच म्हणाली.

"आधी गड," लीलावतीबाई म्हणाल्या. "देवीचं देवी बघेल."

बुरुजाच्या पायरीशी आल्यावर एक मजा झाली. लीलावतीबाई बूट काढायला वाकल्या आणि शेजारी मिचिकोही वाकलेली. हिमेजीला बूट पिशवीत घालून मोज्यांवर चढतात म्हणे. तिने तर पिशवीही आणली होती. तिथल्या माणसाने हसत विनंती केली, की पायऱ्या घसरड्या आहेत, बूट असू द्या. शेजारी बाक होता, तोही त्याने दाखवला. दोघींनी त्याचे आभार मानले आणि बाकावर कोट ठेवले. कोट राखायला कुणीच थांबलं नाही.

चांगला पाय आधी वर, नवा मागून, अशी फिजिओची शिकवण. हिचा डावा आधी, तिचा उजवा. अरुंद गोल जिन्यात एक पुढे, एक मागे, उलट्या तालात दोघी चढत राहिल्या. उतरणारे भिंतीला चिकटून वाट देत होते. मध्यावर लीलावतीबाईंचा दम संपला. नामस्मरण ओठांतच थांबलं. तेवढ्यात मागून पाठीवर मिचिकोचा तळवा टेकला. त्याने ढकललं नाही, नुसता टेकून राहिला. लीलावतीबाईंनी डावा पाय उचलला.

वर मोकळं आकाश होतं. खाली नदीचं वळण, लालसर छपरं आणि लांब समुद्राची रेघ. वारा केस उडवत होता. मिचिकोने मान वर करून सगळीकडे पाहिलं आणि हिमेजीच्या देवीपुढे जोडावेत तसे हात जोडले.

लीलावतीबाईंनी बूट काढले. पिशवी उघडली आणि मिचिकोला समोर उभं केलं.

सीमा जवळ येऊन मराठीत पुटपुटली, "वहिनी, अहो, तिचे मिस्टर नाहीत."

"माहीत आहे," लीलावतीबाई म्हणाल्या. "देवीला कुणी विचारतं का, तुझा नवरा कुठे आहे?"

त्यांनी मिचिकोला हळदकुंकू लावलं. तिला पदर नव्हता, म्हणून तिने कार्डिगनचा घेर पुढे धरला. खण, नारळ, हळकुंड, सुपारी, गूळ, आणि ओंजळभर तांदूळ. तांदूळ पाहून मिचिकोचे डोळे भरले. त्यांच्याकडेही देवाला तांदूळच वाहतात. लीलावतीबाई वाकून नमस्कार करायला गेल्या, तर समोरून तीही तितकीच वाकली, आणि दोघींची डोकी आपटता आपटता राहिली. सीमाने न सांगता कुंकवाची डबी उचलली आणि दोघींना पुन्हा एकेक बोट लावलं.

बऱ्याच महिन्यांनी लीलावतीबाईंनी नजर वर केली. मिचिको त्यांच्याकडे बघून हसत होती.

फोन वाजला. वैभवी होती. बसायला नीट जागा मिळाली ना, असं ती विचारत होती.

"बसले नाहीये गं," लीलावतीबाई म्हणाल्या. "उभी आहे. गडावर."