वर होणारी सीट

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने सगळी नोकरी गाडीत बसून केली, पण दुसऱ्या कुणाच्या तरी डावीकडे बसून. दाजी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तर होते. स्कूलच्या गाडीला डाव्या सीटसमोरही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असे. शिकाऊ माणूस स्टिअरिंग गच्च धरून घाम गाळायचा आणि दाजी शेजारी हाताची घडी घालून, पाय त्या जादा पेडलांवर ठेवून शांत बसायचे. शिकणाऱ्याची चूक त्यांच्या पायाला आधी कळायची. लोक त्यांना ब्रेक मास्तर म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

पायाची ती सवय घरीही सुटली नव्हती. टीव्हीवर कुणी रस्ता ओलांडायला लागलं की खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जाई. ताईचं बोलणं लांबलं तरी तेच.

"काय हो, मला ब्रेक लावताय?" ताई विचारायची.

"लावतोय कधीचा. पेडल पार तळाला गेलं, तरी गाडी आपली उतारावरच."

शिकवण्याची त्यांची दोन सूत्रं होती. पहिलं, गाडी पायांनी नाही, मानेने चालते. वळण्याआधी नुसत्या आरशावर भरवसा ठेवायचा नाही; मान पूर्ण वळवून बघायचं. दुसरं सूत्र त्या धंद्यातल्या सगळ्यांचंच होतं. घरच्या माणसाला शिकवायचं नाही. गाडी येत नाही ती नाहीच, वर संसाराला पोचे पडतात. त्यामुळे अर्धं शहर दाजींच्या हाताखालून गेलं आणि ताई मात्र बसच्या रांगेत उभी राहिली. गुडघे दुखायला लागले तेव्हा ती रांगेतही पिशवीवर बसू लागली.

नोकरीच्या शेवटच्या काळात दाजींच्या तक्रारी येऊ लागल्या. मास्तर कारण नसताना ब्रेक मारतात, शिकणाऱ्याचं डोकं पुढे आपटतं, आणि कधी मारायला हवा तेव्हा मारत नाहीत. मालक भला माणूस होता. "मास्तर, खूप केलंत. आता आराम करा," म्हणाला. आम्ही समजलो, वय झालं.

घरी बसल्यावर दाजींनी एकच गोष्ट मनात घेतली. छपरावर शिकाऊची पाटी नसलेली एक गाडी घ्यायची, स्वतःची, आणि तिच्यात उजवीकडे बसायचं. "एकदा तरी गाडीत बसल्यावर मला शेजारच्याची भीती वाटायला नको," ते म्हणाले. ताईला घेऊन कुठे कुठे जायचं तेही ठरलं होतं. पहिला मान तिच्या मैत्रिणीच्या घराचा, जिथे बसच जात नाही.

मी हिशेबाच्या खात्यातला माणूस, त्यामुळे चौकशीचं काम माझ्याकडे आलं. लहान गाडी घ्यायची हे नक्की होतं. कंपनीही ठरली. प्रश्न उरला तो प्रकाराचा, कारण हल्ली एकच गाडी तीन प्रकारांत मिळते. खालच्या प्रकारात चालण्यापुरतं सगळं असतं. मधल्या प्रकारात आरसे बटणावर फिरतात, गाणी लागतात, ड्रायव्हरची सीट खालीवर होते. वरच्या प्रकारात मागे कॅमेरा, आपोआप लागणारे दिवे, बाजूने कुणी जवळ आलं तर वाजणारी सूचना आणि छपराला एक काचेची खिडकी. मी तिन्ही प्रकार समोरासमोर मांडले आणि खालचा किंवा फार तर मधला सुचवला.

"वरचा," दाजी म्हणाले.

"दाजी, छपराला खिडकी कशाला? आभाळ बघत चालवणार आहात?"

"खिडकी गेली खड्ड्यात. वरचा घ्यायचा."

मला नवल वाटलं. हेच दाजी कॅमेऱ्यावर मागे घेणाऱ्यांना विचारायचे, "मान मोडली आहे का तुझी?" कुणाची गाडी आपोआप दिवे लावते हे ऐकून ते हसले होते, म्हणाले होते, उद्या ती घासही भरवेल. तोच माणूस आता माहितीपत्रकातलं बाजूच्या सूचनेचं चित्र डोळ्यांजवळ धरून बघत होता. ताईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "घेऊ दे रे त्यांना. सगळा जन्म दुसऱ्याच्या डबड्यात गेला. एक हौस आहे."

हौस म्हणून आम्ही सोडून दिलं. त्याच दिवशी मला दारापर्यंत सोडायला येताना दाजींचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. त्याआधी डावीकडे ठेवलेला पाण्याचा पेला त्यांच्या कोपराने उडाला होता. ताई फरशी पुसत म्हणाली, "हल्ली यांचं लक्षच नसतं." कपाटात डोळ्यांच्या थेंबांची बाटली असायची. ॲलर्जीचे थेंब आहेत, असं त्यांनी तिला सांगितलं होतं.

शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो. विक्रीचं काम बघणारी मुलगी हुशार होती, आणि योगायोगाने तिचे वडील दाजींकडेच गाडी शिकलेले. "बाबा अजून तुमचं नाव काढतात सर. म्हणतात, मास्तरांनी ब्रेक मारला की दात वाजायचे."

"दात वाजले म्हणूनच जिवंत आहेत," दाजी म्हणाले. फार खुशीत होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

चालवून बघायला वरच्या प्रकारातलीच गाडी काढली. दाजी उजवीकडे बसले, मुलगी त्यांच्या डावीकडे, मी आणि ताई मागे. दाजींनी सीट सरकवली, आरसे लावले, मान दोन्हीकडे वळवली आणि गाडी अशी उचलली की मांडीवरच्या पेल्यातलं पाणीही हललं नसतं. ताईने माझ्या दंडाला कोपर लावलं. बघ, असं.

दर काही अंतरावर ते मान पूर्ण डावीकडे वळवत होते. सरळ रस्त्यावरही. मला वाटलं, शिस्त. डावीकडून एक मोटरसायकल गेली तशी गाडी वाजली आणि आरशात दिवा लागला.

"हिचं कौतुक बघा," दाजी म्हणाले. "आपल्याआधी हिला दिसतं."

परतीच्या वळणावर डावीकडे बंद दुकानांची ओळ होती. तिच्यामागून एक माणूस सायकल हातात धरून रस्त्यावर उतरला. मला तो मागच्या सीटवरून दिसला. गाडी वाजायला लागली. दाजींनी मान वळवली ती उजवीकडे, आणि गाडी तशीच वळत राहिली.

"सर, डावीकडे!" मुलगी ओरडली. तिने हात पुढे टाकून स्टिअरिंग ओढलं. दाजींचा पाय ब्रेकवर गेला, पण सायकलचं पुढचं चाक तोपर्यंत बंपरखाली वाकलं होतं. माणूस खाली बसला होता. त्याची बोटं सोलवटली होती. एवढ्यावरच निभावलं.

तो उठला आणि खिडकीशी आला. "डोळे फुटले का तुमचे?"

असं कुणी म्हटलं की आपण एक तर माफी मागतो किंवा उलट बोलतो. दाजींनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"हो," ते म्हणाले.

त्या माणसाला ती माफी वाटली असावी. तो थोडा नरमला. मुलगी उतरून त्याच्याशी बोलू लागली, रुमाल दिला, शोरूम चाक बदलून देईल म्हणाली. मागच्या सीटवर ताईने घट्ट धरलेला माझा दंड सोडला. दाजींच्या डोक्याच्या मागच्या भागाकडे ती बघत होती आणि मला वाटतं तिच्या मनात पेला, चौकट, थेंब, सगळं एकामागोमाग येऊन बसत होतं.

गाडी मुलीने परत आणली. शोरूममध्ये गोल टेबलाशी आम्हाला बसवून ती चहा सांगायला गेली. मुद्दाम गेली असावी.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"काचबिंदू आहे. डावा बराचसा गेलाय. उजव्यालाही कडेकडेने खात आत येतोय. समोर नळीतून बघावं तसं दिसतं." दाजी हिशेब समजावल्यासारखं बोलत होते. "गेलेलं परत येत नाही. थेंबांनी फक्त उरलेलं थोडं टिकतं."

"आणि मला ॲलर्जी सांगितलीत."

"कॅमेरा होता, ती सूचना होती. वाटलं, अजून काही दिवस निघतील. तुला त्या मैत्रिणीकडे तरी नेलं असतं."

"मैत्रीण कुठे पळून चाललीय का?" ताईचा आवाज फुटला. मग तो पुन्हा सपाट झाला. "अहो, आणि स्कूलमधली मुलं? त्यांच्या शेजारी असेच बसत होतात?"

टेबलाखाली दाजींचा उजवा पाय फरशीवर दाबलेला मला दिसला. तो तसाच दाबलेला राहिला.

मुलगी चहा घेऊन आली. कप ठेवताना दाजींचा चेहरा तिला दिसला आणि ती म्हणाली, "सर, आज नका ठरवू. मी थांबते."

"सीट वर कुठल्या प्रकारात होते?" दाजींनी विचारलं.

"ड्रायव्हरची? खालच्यात नाही होत. मधल्यात होते, वरच्यात—"

"वरचा नको. मधला."

"आता गाडीच कशाला?" ताई म्हणाली. "राहू दे ना ते."

"तू बुटकी आहेस. सीट उचलल्याशिवाय तुला बॉनेट दिसणार नाही." ते पहिल्यांदाच तिच्याकडे वळले, पूर्ण मान वळवून, कारण ती डावीकडे बसली होती. "गाडी तू चालवायचीस."

"या वयात? आणि शिकवणार कोण?"

"ब्रेक मास्तर. ऐकलं असशील नाव."

मधल्या प्रकारातली गाडी आली. माझ्या कागदावरही तीच योग्य ठरत होती, पण ते समाधान कुणाला सांगणार? दाजींच्या हाताखाली शिकलेला एक मेकॅनिक होता. त्याने डाव्या सीटसमोर क्लच आणि ब्रेक बसवून दिले, केबल टाकून, स्कूलच्या गाडीला असतात तसे. वर शिकाऊची पाटी लागली. ज्या पाटीला दाजी कंटाळले होते ती त्यांच्या स्वतःच्या गाडीवर त्यांनीच हाताने चिकटवली.

धंद्यातलं सूत्र खोटं नव्हतं. मोकळ्या मैदानावर मी एकदा मागे बसलो आणि पुन्हा बसलो नाही. इतर कुणावर ते आवाज चढवत नसत; ताईवर ओरडत. त्यांना घाई झाली होती. त्यांना दिसत होतं तोवर तिला आलं पाहिजे होतं. "मान! मान वळव! आरसा तुझ्या बापाचा नोकर आहे का, सगळं सांगायला?" ताई रडत रडत गिअर बदलायची. घरी आल्यावर दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसायचे. पण ती शिकली. परीक्षेत पास झाली त्या दिवशी दाजींनी पाटी काढली आणि डिंकाचा डाग नखाने खरवडत बराच वेळ उभे राहिले. डाग निघाला होता. ते त्यांना दिसत नव्हतं.

पेडलं मात्र त्यांनी काढू दिली नाहीत. ताई चालवायची, दाजी डावीकडे पाय ठेवून बसायचे. पुढे उजवा डोळाही मिटत आला. मग ते आवाजावर ब्रेक मारू लागले. कुठे हॉर्न वाजला, कुठे सावली सरकल्यासारखी वाटली, की पाय तळाला. भर रस्त्यात गाडी जागच्या जागी उभी राहायची. एकदा मागून टेम्पो येऊन धडकला. डिकी आत गेली. ताईच्या मानेला पट्टा लागला.

पट्टा निघाल्यावर ती एकटीच त्या मेकॅनिककडे गेली. दाजींना काही बोलली नाही. मला मात्र सांगितलं, आणि वर, "तू तोंड उघडलंस तर बघ."

गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. आता तिथे जायचं ते दुखू नये एवढ्यासाठीच. परत येताना मी मागे बसलो होतो. दाजी डावीकडे, इस्त्रीचा शर्ट, पाय पेडलांवर. ताईची सीट पूर्ण वर उचललेली होती आणि तरीही ती हनुवटी वर करून बघत होती. रस्ता मोकळा होता. समोर काहीही नव्हतं.

कुठेतरी कुत्रं भुंकलं. दाजींचा पाय पेडलावर दाबला गेला. ते पेडल आता कशालाच जोडलेलं नव्हतं. केबल सोडवून गुंडाळून सीटखाली बांधली होती. ताईची नजर त्यांच्या पायावर गेली, मग मागच्या आरशात, मग तिने मान वळवून मागे खरंच बघितलं. मागे कुणी नव्हतं. तिने आपला पाय ब्रेकवर हळूच दाबला आणि गाडी थांबवली.

मोकळ्या रस्त्याच्या मधोमध आम्ही तिघं थांबलो होतो.

"दिसलं का?" दाजी म्हणाले. "मी नसतो तर?"

"तर काय," ताई म्हणाली. "ठोकलीच असती मी." आणि त्यांनी पाय उचलेपर्यंत ती थांबून राहिली.