त्या आल्या नाहीत, असं मी म्हटलं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. सांगायला बसले की दुसरंच काहीतरी सांगून उठते. आता तुम्हाला सांगतेय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित.

मी नंदुरबारच्या एका केबल वाहिनीवर बातम्या देते. माहेर रनाळ्याचं. घरात अहिराणी बोलतो, कॅमेऱ्यासमोर पुस्तकातलं मराठी. लोक बाजारात ओळखतात, भाजीवाली चार मिरच्या जास्त टाकते. एवढीच माझी प्रसिद्धी. पण निवडणूक आली की आमच्या छोट्या स्टुडिओला एकदम भाव येतो, आणि मला वाटायला लागतं की मीही कुणीतरी आहे.

वनिता आणि मी डी.एड.ला एका खोलीत राहायचो. ती धडगावच्या वरच्या डोंगरातली, पावरा समाजाची. पहिल्या वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा तिनं माझे कपडे धुतले होते, डोकं मांडीवर घेऊन पेज पाजली होती. पुढे मी वाहिनीत आले, ती आश्रमशाळेत शिक्षिका झाली. मग नोकरी सोडून एका लहानशा पक्षात गेली, आणि मागच्या विधानसभेला त्या पक्षाकडून उभी राहिली. तुम्ही त्या पक्षाचं नावही ऐकलेलं नसेल. आमच्याच वाहिनीवर ते कितीदा घेतलं असेल?

आम्ही उमेदवारांची चर्चा ठेवली होती. थेट प्रक्षेपण, दुपारी, फोनवरून लोकांचे प्रश्न. दोन मोठ्या पक्षांचे उमेदवार येणार होते. वनितालाही बोलवायचं, हा आग्रह माझा. मालकांना मी म्हटलं, अण्णा, फॉर्म तिनंही भरलाय, मतपत्रिकेवर नाव तिचंही आहे, मग खुर्ची का नको? अण्णा हो म्हणाले. मला स्वतःचाच केवढा अभिमान वाटला होता!

वनितानं एकच विचारलं, "थोडं पावरीत बोलले तर चालेल का गं? आमच्या बाया पहिल्यांदा टीव्ही बघायला खाली उतरणारेत." मी म्हटलं, चालेल, मी मराठीत सांगेन लोकांना. मला पावरी नीट येत नाही. पण तिच्यासाठी शिकले असते — असं तेव्हा मला खरंच वाटत होतं.

चर्चेच्या दिवशी सकाळी अण्णांनी आत बोलावलं. दोन्ही मोठ्या पक्षांचा निरोप आला होता, जणू ठरवून. तिसरी खुर्ची असेल तर आम्ही बसणार नाही. आमच्या बरोबरीनं तिला बसवायचं म्हणजे काय? अण्णा कपाळ चोळत म्हणाले, "ती ऊनी तर त्या दोन्ही येत नहीत. काय करानं?" आणि मग, "तुन्ही मैत्रीण शे ना? तूच सांग तिले."

मी भांडू शकले असते. भांडले नाही. निदान वनिताला खरं सांगू शकले असते, की तुला नको म्हणतायत आणि आम्ही त्यांचं ऐकतोय. तेही नाही. खरं सांगितलं असतं तर ती जीप करून आली असती, बायांना घेऊन स्टुडिओच्या दारात बसली असती. तिला मी ओळखते. आणि मग त्या दाराच्या आत मी कुठल्या तोंडानं उभी राहणार होते?

तिच्या गावात रेंज नाही. प्रचाराचे सगळे फोन तिचा मावसभाऊ दिलवर धडगावात बसून घ्यायचा. सडपातळ, लाजाळू माणूस. माझ्याशी बोलताना फोनवरही उभा राहत असावा, असं वाटायचं. त्याला मी फोन केला. म्हटलं, आजचा कार्यक्रम पुढे ढकललाय, नवी तारीख कळवते. तो म्हणाला, "बरं ताई, मी वर निरोप धाडतो." एवढंच झालं. ठेवताना मला सुटल्यासारखं वाटलं. चर्चा संपली की काहीतरी सांगू, ऐनवेळी ठरलं म्हणू — खोट्याला खोटं जोडायचा विचार तेव्हाच डोक्यात तयार होता.

चर्चा सुरू झाली. दोघे बोलले, एकमेकांवर ओरडले, छान रंगलं. मग फोन लागला, धडगावहून एका बाईचा. मोडक्या मराठीत तिनं विचारलं, "आमची वनिताबाई कुठं हाये? आम्ही तिलाच बघाया बसलोय."

बायांना निरोप पोचलाच नव्हता. वनिता निरोप मिळाल्यावर दूरच्या पाड्यांवर प्रचाराला निघून गेली होती, आणि बाया त्याआधी पहाटेच घाट उतरून धडगावच्या एका हॉटेलातल्या टीव्हीसमोर येऊन बसल्या होत्या.

काय बोलायचं ते मला कुणी लिहून दिलं नव्हतं. कानात कुणी सांगत नव्हतं. अण्णा तर खोलीतही नव्हते. फोन कट करता आला असता, जाहिरात घेता आली असती. मी कॅमेऱ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हटलं, "त्यांना आमंत्रण होतं. त्या आल्या नाहीत."

ते वाक्य संध्याकाळपर्यंत फोनाफोनांवर फिरलं. दोन्ही पक्षांनी फिरवलं. वनिता घाबरली, असं काही म्हणाले. वनिता आतून त्यांना मिळाली, असं बाकीचे म्हणाले. घाट उतरून आलेल्या बायांना दुसरं काय वाटणार होतं?

दोन-चार दिवसांनी वनिता माझ्या घरी आली. रागानं नाही. चहासुद्धा घेतला. मग म्हणाली, "दिलवर म्हणतो, तू त्याला कार्यक्रम पुढे गेला असं सांगितलंस. खरं का?"

इथं मला थांबावंसं वाटतंय. आतापर्यंतचं भित्रेपण म्हणता येईल. यापुढचं नाही.

मी म्हटलं, "नाही गं. मी तर त्याला वेळेवर या म्हणून सांगितलं."

तिनं कप खाली ठेवला. "दिलवर खोटं बोलत नाही कधी," असं म्हणाली. माझ्याशी नाही, स्वतःशीच. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "पण तू माझ्याशी कशाला खोटं बोलशील?"

नोकरी जाईल म्हणून खोटं बोलले का? नाही. अण्णांना काही फरक पडला नसता. मला तिच्या नजरेत चांगलं राहायचं होतं. त्यासाठी मी तिचा भाऊ दिला.

वनिता हरली. ती तशीही हरलीच असती, असं मी कितीदा स्वतःला सांगितलंय. पण दिलवर? त्याला पक्षातून काढलं. समोरच्यांना फितूर झाला, असं गावात ठरलं. होळीला, त्यांच्या सगळ्यात मोठ्या सणाला, त्याला ढोल धरू दिला नाही म्हणे. बायको पोरं घेऊन माहेरी गेली, तो खाली मजुरीला उतरला. हे सगळं मला वनितानंच फोनवर सांगितलं, रडत. मी तिची समजूत घातली. होय, मी.

मागच्या हिवाळ्यात प्रकाशा गावाजवळ केळीच्या नुकसानीची बातमी करायला गेले होते. एका गुजर शेतकऱ्याच्या बागेत मजूर घड वाहत होते. त्यातला एक घड खाली ठेवून माझ्याकडे आला. आधी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, खांद्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग.

दिलवरनं हात जोडले. भांडला नाही. कॅमेरामन गाडीत सामान भरत होता, जवळ दुसरं कुणी नव्हतं. तो हळूच म्हणाला, "ताई, एक विचारू? कुणाला सांगणार नाही मी. त्या दिवशी तुम्ही फोनवर पुढे ढकललं असंच म्हणालात ना? सगळे मलाच विचारतात. आता मलाच वाटतं, मीच काही उलटं ऐकलं असेल. मराठी आपली भाषा नाही ना."

तो वाट बघत होता. मला फक्त हो म्हणायचं होतं. त्यानं तर कुणाला सांगणार नाही असंही आधीच म्हटलं होतं. त्याला फक्त स्वतःचे कान परत हवे होते.

मी म्हटलं, "खूप दिवस झाले रे दिलवर. आठवत नाही मला."

तो मान हलवत राहिला. म्हणाला, "मग माझंच चुकलं असेल," आणि घड उचलायला गेला.

त्याचं चुकलं नव्हतं. त्यानं शब्दन् शब्द बरोबर ऐकला होता.