कोपरा फाडलेली पाच पोस्टकार्डं

"ही फाटकी बाजूला काढा," सुधीर सर म्हणाले. "खराब झालेली पत्रं कॅटलॉगमध्ये घेऊन काय करायचंय?"

त्यांच्या हातात पाच पोस्टकार्डं होती. पाचही एकाच कोपऱ्यात फाटलेली. मी म्हटलं, सर, ही खराब झालेली नाहीत. घरात कुणी गेलं की कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचे. वाचायच्या आधीच समोरच्याला कळावं म्हणून. आणि असं पत्र लोक वाचून लगेच नष्ट करायचे, घरात ठेवायचे नाहीत. सरांनी कार्डं टेबलावर टाकली.

"मग तर नकोच."

सुधीर सर म्हणजे अण्णांचे नातू आणि स्मारक ट्रस्टचे अध्यक्ष. अण्णा मूळ पिशोरचे. कडबा बारीक करायचं त्यांचं यंत्र मराठवाड्यात इतकं चाललं की खेड्यात यंत्रालाच 'अण्णा' म्हणायचे. त्यांच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी, पुढच्या खोलीत बसून मी उन्हाळाभर त्यांच्या पत्रांचा कॅटलॉग करत होते. कॅटलॉग म्हणजे प्रत्येक पत्राला नंबर द्यायचा, कुणी कुणाला लिहिलं, तारीख, विषय आणि कंडिशन नोंदवायची. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात धुळीनं डोळे चुरचुरतात, कूलर लावला तर कागद उडतात आणि सारखं कुणीतरी नातेवाईक डोकावून विचारतं, मंत्र्यांचं पत्र सापडलं का? मंत्र्यांचं एक सापडलं होतं. त्यात शुभेच्छा होत्या.

अण्णांनी कधी फायली केल्या नाहीत. कारखान्यात भिंतीला एक लोखंडी तार टांगलेली असायची. आलेलं पत्र तारेत खोचायचं, आपण पाठवलेल्या पत्राची कार्बन कॉपीही तिच्यातच. म्हणजे तारेवरचा क्रम हाच पत्रं आल्या-गेल्याचा क्रम. आमच्या कामात या क्रमाला हात लावायचा नसतो. सुटं पत्र फार थोडं सांगतं. त्याच्या आधी काय आलं आणि नंतर काय गेलं, ते बघावं लागतं.

कारखान्यातून आणलेल्या त्या तारेवर आधी ही पाच कार्डं होती. पाचही घरांतलं माणूस यंत्रात हात गेल्यानं दगावलं होतं. कुणी रक्त जाऊन, कुणी धनुर्वातानं. त्यात एक सालदार होता, एक नुकती बाळंत झालेली बाई होती. पाचव्या कार्डाला लागून अण्णांनी फाउंड्रीला लिहिलेल्या पत्राची कॉपी होती. यंत्राचं तोंड लांब करा, चाकाला जाळी बसवा, नवा साचा होईपर्यंत आमचं एकही यंत्र बाहेर जाणार नाही. हे पहिल्या कार्डानंतरच का लिहिलं नाही, हा प्रश्न मलाही पडला. त्याचं उत्तर तारेवर नव्हतं.

स्मारकाचा बोर्ड मात्र गुलमंडीतल्या पेंटरकडून रंगून आला होता. 'अपघाताचा धोका आधीच ओळखणारे द्रष्टे संशोधक.' ही पाच कार्डं काढली की तो बोर्ड खरा ठरत होता. जाळीचं पत्र एकट्या अण्णांच्या डोक्यातून आल्यासारखं दिसत होतं.

मी हे सरांना सांगितलं. ते चिडले नाहीत. थकलेल्या माणसासारखे खुर्चीत बसले.

"मॅडम, आमच्या यंत्रानं माणसं मेली, हे आम्हीच छापायचं?"

"जाळी त्या पाच घरांमुळं आली, सर. त्यांना वगळून शोध अण्णांच्या एकट्याच्या नावावर लावता येणार नाही."

"भाषण नको. घरात आत्या आहेत. त्यांना मयताची पत्रं चालायची नाहीत."

मी म्हटलं, मग कॅटलॉगवर माझं नाव घालू नका. मला वाटलं होतं, ते जरा विचार करतील.

"बरं," सर म्हणाले.

एवढ्यात विमलआत्या दारात आल्या. अण्णांची लेक, ऐंशीच्या पुढची. सरांनी त्यांचं नाव ढाल म्हणून पुढं केलं होतं, पण त्यांना खरंच चाललं नाही. फाडलेले कोपरे बघून त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"कारखान्यातलं हे घरात कुणी आणलं?"

"बघा," सर मला म्हणाले.

मी कार्डं उचलली. म्हटलं, आत्ता बाहेर नेते, पण तुम्हाला ही ठाऊक होती का? त्या माझ्याकडं न बघता सांगू लागल्या.

"असं कार्ड आलं की अण्णा कारखान्याच्या हौदावर अंगावर पाणी घिऊनच घरी यायचे. आई इचारायची, कोण गेलं? ते म्हणायचे, आपलंच हाय. नाव नाय सांगायचे. आम्हाला वाटायचं, पिशोरकडचं कुणी भाऊबंद आसंल." त्यांनी कार्डांकडं बोट केलं. "नावं हाईत का त्यात?"

मी उभी राहून पाचही नावं वाचली. गावासकट. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि भाच्याकडं वळल्या.

"ज्यांच्यासाठी माझ्या बापानं अंगावर पाणी घेतलं, त्यांना तू फाटकं म्हणून काढतो व्हय रं?"

"आत्या, ट्रस्टचं जरा वेगळं असतं."

"आसू दे. लिव्ह गं पोरी. पण घरात नको ठिवू."

पाच कार्डांना त्यांच्या जागीच नंबर मिळाले. कंडिशनच्या रकान्यात मी 'उत्तम' लिहिलं, कारण होतीच ती तशी. मूळ कार्डं आता गॅरेजमध्ये, स्कूटरच्या मागच्या लोखंडी कपाटात आहेत. कागदाला ती जागा बरी नाही. तसं मी ट्रस्टला लिहून दिलं, उत्तर आलेलं नाही. पुढचं काम, म्हणजे अण्णांच्या फोटोंचा कॅटलॉग, दुसऱ्याला दिलं. मॅडम फार तत्त्वाच्या आहेत, असं सर कुणाला तरी म्हणाल्याचं कळलं. ते कौतुक नव्हतं.

बोर्ड बदलला नाही. उद्घाटनाला आलेल्या प्रत्येकानं त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला. कॅटलॉग खाली टेबलावर होता, त्यावर हार-तुऱ्यांचं ताट ठेवलं होतं. या धंद्यात मी एवढं शिकले की बोर्ड सगळे वाचतात, म्हणून त्यावर काय लिहायचं ते अध्यक्ष ठरवतात. कॅटलॉग कुणी वाचत नाही, म्हणून त्यात खरं लिहिता येतं.