टायर लटकवल्यावर

माझ्या जुन्या जीपसाठी मी मागचा लोखंडी बंपर आखला, आणि त्यावर स्टेपनीसाठी गेटासारखा बाहेर उघडणारा दांडा. घरातला पहिला इंजिनियर मी, ड्रॉइंग अगदी मिलिमीटरपर्यंत चोख होतं. वेल्डिंग बाबांनी केलं, वालीवच्या आमच्या गाळ्यात. त्यांनी आयुष्यभर सोसायट्यांची गेटं बनवली आहेत.

सकाळी बघतो तर दांड्याचं टोक वर गेलेलं. कडी खाचेत बसेचना. रविवारी जीपने चांदीपच्या पुढचा खड्ड्यांचा चढ चढायचा होता, माझा चेहराच पडला.

"बाबा, हे वाकडं झालंय. ड्रॉइंगमध्ये सरळ आहे."

"ड्रॉइंगमध्ये टायर लटकवलायस का?"

"नाही."

"मग आण टायर, साहेब!"

दोघांनी मिळून टायर चढवला, नट आवळले. वजनाने दांडा खाली झुकला आणि कडी टक्कन खाचेत बसली. झुकाव मोजायला मी कॉलेजात शिकलो होतो, इथे मात्र विसरलो. बाबांनी तो नुसत्या नजरेने हेरून दांडा तेवढाच वर ठेवून जोडला होता.

मी हसत सुटलो. बाबा हात पुसत म्हणाले, "रविवारी मी पण येतो. खड्ड्यात दांडा उघडला तर तुझं ड्रॉइंग, नाही उघडला तर माझं वेल्डिंग."

नाही उघडला. बाबांनी चढावर तीनदा उतरून खात्री केली.