चार दिवसांचं गार पाणी

सासूबाईंचे गुडघे धरले म्हणून मी त्यांना रत्नागिरीला सुया टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेत होते. माझं काम म्हणजे पिशवी धरायची आणि एस.टी.त त्यांच्यासाठी खिडकीची जागा पकडायची. त्या दिवशी माझी पाळी जवळ आली होती. पोटात कळा सुरू झाल्या होत्या, तरी मी दवाखान्यातल्या बाकावर गप्प बसले होते.

माझ्या पोटाचं घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते दुखणं आहे असं कोणी मानत नव्हतं. सोनोग्राफी झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी एन्डोमेट्रिओसिस असं नाव सांगितलं. गर्भपिशवीच्या आत असतं तसं अस्तर बाहेरही वाढलंय, गाठ झालीय, ऑपरेशन लागेल, म्हणाले. सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, "पाळीला पण आता इंग्रजी नाव. आम्ही काय बायका नव्हतो? नाटकी आहे नुसती." नवऱ्यानं मुंबईहून फोनवर एवढंच विचारलं, "आई काय म्हणते?" ऑपरेशन तिथंच राहिलं.

सासूबाईंच्या गुडघ्यांना सुया लावून झाल्यावर डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "जीभ दाखव." मला वाटलं, दुसऱ्या कोणाला म्हणतायत.

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "दुखणं माझ्या गुडघ्याचं नि जीभ हिची बघतात."

बाईंनी माझ्या दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली. जीभ जांभळट आहे, म्हणाल्या. मग विचारलं, रक्त काळपट जातं का, गाठी पडतात का. सासूबाईंसमोर असलं कोणी विचारेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी कशीबशी मान हलवली आणि सोनोग्राफीचं सांगितलं.

"चिनी वैद्यकात याला साकळलेलं रक्त म्हणतात," बाई म्हणाल्या. "गारव्यानं रक्ताची वाट अडते, असं ते मानतात. वाट अडली की दुखतं. सुयांनी गाठ जाईल असं मी सांगणार नाही. मोठ्या डॉक्टरांचं सोडू नको. दुखणं थोडं हलकं होतं का, ते बघू. शेकल्यावर बरं वाटतं ना?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"त्या दिवसांत ऊन पाणी नसतं."

आमच्याकडे चार दिवस चुलीला आणि बंबाला हात लावायचा नाही. मागच्या पडवीत लादीवर चटई टाकून निजायचं आणि विहिरीच्या गार पाण्यानं न्हायचं. माहेरीही तसंच होतं. हे कोणाला सांगण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. बाई हातातला कापूस तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"थंडीतसुद्धा?"

"हो."

तेवढ्यात सासूबाई बोलल्या. पायांत सुया, त्यामुळे त्यांना हलता येत नव्हतं. वर पंख्याकडे बघत म्हणाल्या, "मी पण तशीच न्हायचे. मग तोंडात पदर कोंबून पडून राहायचे. सासऱ्यांना आवाज जायला नको."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. मी पडवीत गुडघे पोटाशी घेऊन पडायचे तेव्हा मला काय होतंय, हे घरात त्यांना एकट्यांना नीट माहीत होतं.

"मग हिला ऊन पाणी का नाही दिलंत?" बाईंनी विचारलं.

"मला कोणी दिलं होतं?"

परतीच्या एस.टी.त मी त्यांच्यासाठी खिडकीची जागा पकडली.

दोन दिवसांनी मी बाजूला बसले. सकाळी सासूबाई वाफाळती बादली ओढत पडवीच्या कडेपर्यंत घेऊन आल्या. "शिवू नको हां मला. निवायच्या आत न्हाऊन घे." मग तव्यावर भाजलेल्या मिठाची पुरचुंडी लांबूनच माझ्या ओटीत टाकली. मी ती पोटाशी धरली. दुखणं गेलं नाही, पण घट्ट आवळलेलं थोडं सैल झालं.

आत त्या मुंबईला फोनवर बोलत होत्या. मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं.

"रजा काढून ये. हिचं ऑपरेशन करायचं. नाटक नाही रे ते. कशावरून म्हणजे? मला झालंय ते."

पलीकडे नवरा काय म्हणाला, ते मला कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, "आई म्हणते म्हणून ये."